शिव्या न देणारी बाळंतीण

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच विनयपूर्वक जाहीर करतो की, पुढील मजकुरात एक मूल जन्मास येणार आहे, एक वयस्कर बाई जन्मभर साठवलेल्या शिव्या देणार आहे आणि एका मोठ्या रुग्णालयाचा या दोन घटनांच्या बाबतीत मोठा घोटाळा होणार आहे. जे मोकळ्या जागेत घडले ते मी स्वतः पाहिले आहे. जे बंद दाराआड घडले ते आत्याने सांगितले आहे व आत्याच्या सांगण्यातील निम्मे मी वगळले आहे. उरलेले निम्मे तरी खरे असावे, असा माझा विश्वास आहे.

आता कोणी विचारील, बायकांच्या वॉर्डात या गृहस्थाचे काय काम होते? प्रश्न रास्त आहे. मी पाट्या रंगवतो. त्या दिवसांत सदर रुग्णालयाच्या प्रसूती विभागातील भिंतीवर ‘प्रत्येक माता आमच्यासाठी विशेष आहे’ हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. योगायोग असा की, त्याच विभागात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी दाखल झाली. तिचे यजमान, अर्थात आमचे मेहुणे, कपड्यांची पिशवी पोटाशी धरून सकाळपासून फाटकापाशी उभे होते. पहारेकऱ्याने त्यांना आत सोडले नाही. बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांना मनाई, असे तो म्हणाला. मागोमाग मी शिडी आणि डबे घेऊन पोहोचलो.

“मीही पुरुषच आहे की,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“तुम्ही रंगारी आहात,” तो म्हणाला, आणि शिडीचे दुसरे टोक धरून मला थेट आत नेऊन सोडले.

हाती रंगाचा डबा आला की मनुष्याचे पुरुषत्व संपुष्टात येते, हे ज्ञान मला त्या दिवशी प्राप्त झाले.

माझी बहीण पाळणाघर चालवते. ज्यांनी पाळणाघर पाहिले असेल त्यांस ठाऊक आहे की, तेथे दुपारी एक मूल जागे झाले तर ते उरलेल्या सर्वांना आपल्या मतास वळवून घेते. त्यामुळे मोठ्याने बोलणे ही गोष्ट तिच्या अंगातूनच निघून गेली आहे. एकदा तिच्या स्वयंपाकघरात पडद्याने पेट घेतला होता, तेव्हा ती बाहेर येऊन मला म्हणाली, “दादा, जरा आत येतोस का? पडदा पेटलाय.” मी गेलो तोवर ओटाही पेटला होता. दुसरी गोष्ट अशी की, ती खोटे बोलत नाही. हे दोन गुण घेऊन कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जाऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तिला माझ्या शिडीलगतची नऊ नंबरची खाट मिळाली, आणि खाट मिळताच तिचे नावच नऊ नंबर झाले. सोबतीस एका बाईला परवानगी होती, म्हणून आत्या आली. आई गेल्यावर याच आत्याने आम्हा भावंडांना वाढवले. आत्या अंगाने भरभक्कम, कमरेने दुखरी आणि सल्ल्याच्या बाबतीत अत्यंत उदार आहे.

त्या विभागाच्या कामाची रीत मी शिडीवरून नीट पाहिली. तेथे डॉक्टर होते, तपासण्याची यंत्रे होती. तथापि कोणत्या बाईला आतल्या लेबर रूममध्ये केव्हा न्यायचे, हे प्रत्यक्षात दाराजवळच्या स्टुलावर बसलेली एक मावशी आपल्या कानाने ठरवीत असे. डॉक्टरीणबाई आतूनच विचारायच्या, “मावशी, आता कोण?” आणि मावशी खाटेचा नंबर सांगायची. कोणी उठून पाहत नसे. मी ‘विशेष’मधला ‘ष’ काढत असताना मावशीने मला ही विद्या समजावून सांगितली.

“बाई ‘आई गं’ म्हणते ना, तोवर मी पाय हलवत नाही. देवाचं नाव घेतलं की चपला घालते. आणि नवऱ्याला शिव्या सुरू झाल्या की गाडी काढते. इतकी वर्षं झाली, एकदासुद्धा चुकले नाही.”

“आणि जिला नवरा आवडतो, तिचं काय?” मी विचारले.

“त्या वेळी कुणालाच आवडत नाही,” मावशी म्हणाली.

मावशीच्या वर एक मोठ्या सिस्टर होत्या. त्यांचे धोरण याच्या नेमके उलट होते. कोणी ओरडली रे ओरडली की त्या तेथे जाऊन उभ्या राहत. “ए, गप! वॉर्ड डोक्यावर घेतेस का? लग्नात बरी हसत होतीस!” त्यांनी कोणाच्याही लग्नाला हजेरी लावली नव्हती, पण माहिती सर्वांची होती. एकंदरीत, जी ओरडे तिला दटावले जाई आणि जी ओरडत नसे तिच्याकडे कोणी बघत नसे. अशा ठिकाणी शहाण्या बाईने करावे काय, याचे मार्गदर्शन करणारी पाटी मात्र मला कोणी रंगवायला दिली नव्हती.

दुपारची जेवणे आटोपली आणि बहीण खाटेचा दांडा धरून उभी राहिली. चेहरा घामाने थबथबला होता. मोठ्या सिस्टर जवळून चालल्या होत्या.

“सिस्टर, माझी वेळ झाली आहे,” बहीण म्हणाली. पाळणाघरात एखाद्या आईला ‘मुलगा जेवला’ असे सांगावे, तोच स्वर.

“डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळ सांगितली आहे.”

“हो, पण बाळाला ते कळलेलं नाही.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. सिस्टरनी मात्र तसेच घेतले. “हे बघ, जिची खरंच वेळ होते ना, तिला एवढं नीट बोलता येत नाही. आडवी हो.”

“सिस्टर,” मी शिडीवरून म्हटले, “ती उगाच बोलणारी नव्हे.”

“तुम्ही भिंतीकडे तोंड करा.”

मी केले. भिंतीवर ‘प्रत्येक माता’ एवढे वाळले होते.

मग आत्याने सूत्रे हाती घेतली. मावशीकडे जाऊन तिने गयावया केली, तेव्हा मावशीने आपला नियम तिलाही सांगितला. आत्या परत आली ती मोठी कामगिरी शिरावर घेतल्यासारखी.

“पोरी, एकदा मोठ्यानं ओरड.”

“अगं, पलीकडच्या ताईंचं बाळ आत्ताच झोपलंय.”

“बरं, मग नवऱ्याला दोन शिव्या तरी दे. मावशी ऐकतेय.”

बहिणीला त्याच वेळी कळ आली. तिने दांड्यावर कपाळ टेकले, बोटे पांढरी पडली, तोंडातून हूं की चूं नाही. कळ ओसरल्यावर तिने प्रामाणिकपणे विचार केला.

“त्यांनी काय केलंय?”

“काय केलंय! हे पोट कुणी केलंय?”

“दोघांनी.”

“अगं कर्मा! आठव ना काहीतरी. इतकी वर्षं संसार करतेस, एक शिवी निघू नये?”

पुन्हा विचार झाला. मग बहीण मावशीच्या दिशेने, शक्य तितका आवाज चढवून म्हणाली, “ते ओला टॉवेल गादीवर टाकतात.”

मावशीने स्टुलावरूनच मान हलवली. “ही तक्रार झाली, बाई. शिवी नव्हे. वेळ आहे तुला.”

शेजारच्या खाटांवरच्या बाया हसल्या. हसता हसता एकीचे टाके दुखले व तिने आपल्या नवऱ्याला शिवी दिली. त्याबरोबर मावशीचा एक पाय चपलेत गेला. ती बाई कालच मोकळी झाली आहे, याची मावशीला आठवण करून द्यावी लागली.

एवढ्या धावपळीत आत्याची कंबर धरली. बहीण म्हणाली, “आत्या, तू पड खाटेवर. मला आडवं होववतच नाही, उभं राहिलं की बरं वाटतं.” आत्या नको नको म्हणत आडवी झाली, आणि बहीण खाट व भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गेली. कळ आली की ती तेथे दांडा धरून उकिडवी बसे, त्यामुळे दरवाजातून पाहणाऱ्याला ती दिसतच नसे. दिसे ती खाट आणि खाटेवर पांघरूण घेतलेली भरभक्कम आत्या.

“दादा,” खालून आवाज आला, “माझं पाणी गेलं.”

मी शिडीवरून उतरलो नाही, कोसळलो म्हणणे अधिक योग्य होईल. “सिस्टर! सिस्टर, पाणी!” असे मी ओरडलो. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी फरशीवरून वाहत आलेले पाणी पाहिले, मग शिडीखालची माझी पाण्याची बादली पाहिली.

“रंगाऱ्या, तुला कितीदा सांगितलं सांडलवंड करू नकोस म्हणून? पुसून घे आधी. कुणी घसरलं तर?”

“हे माझं नव्हे, हिचं आहे!”

“आता बायकांवर ढकल,” असे म्हणून त्या निघून गेल्या. वाचकहो, त्या क्षणी मला भीती वाटली. तोवर सारे मला हास्यास्पद वाटत होते. आता मात्र मला दिसले की, माझ्या बहिणीचे मूल या फरशीवर येईल, त्याला झेलायला माझे रंगाने माखलेले हात असतील, आणि काही बरेवाईट झाले तर हेच लोक विचारतील, आधी का नाही सांगितलंत?

आत्याने हे सर्व खाटेवरून पाहिले आणि तिचा संयम सुटला. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि जावयाच्या नावाने सुरुवात केली. “अरे मेल्या! कुठं उलथलास! बायको इथं मरतेय आणि तू फाटकाला टेकून उभा!” हे झाले नाटक. दुसरी शिवीही नाटकातलीच होती. परंतु तिसऱ्या शिवीपाशी आत्याचा आवाज फुटला. “मुडद्या, चार बाळंतपणं केली तुझ्या घरात! तुझी आई म्हणायची, ओसरीवर पाव्हणे आहेत, तोंडात पदर कोंब! आणि तू पाव्हण्यांत बसून पान लावत होतास! तुझ्या तोंडात माती पडो, तुझ्या पाव्हण्यांच्या तोंडात माती पडो!” आमच्या मेहुण्यांच्या घराला ओसरी नाही व ते पान खात नाहीत. आत्याचे यजमान मात्र खात असत. त्यांना जाऊन बराच काळ लोटला आहे. पण त्या दुपारी ते जेथे कोठे असतील तेथे त्यांना ठसका लागला असेल.

मावशी उठली. दोन्ही पाय चपलांत गेले आणि गाडी निघाली. “नऊ नंबर!” ती आतल्या दिशेने ओरडली. डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून, दुसऱ्या मदतनीस बाईच्या साहाय्याने तिने आत्याला गाडीवर घेतले.

“अगं, मी नव्हे! मी नव्हे गं!”

“सगळ्या असंच म्हणतात,” मावशी मायेने म्हणाली.

“अगं, माझं वय बघ!”

“आता वय आठवलं होय?”

गाडी दारातून आत गेली. दार बंद झाले. खाट रिकामी, आणि खाटेमागून माझी बहीण दांडा धरून वर आली.

“दादा, हात दे. आपण चालत जाऊ.”

आम्ही चालू लागलो. किती पावले होती कोण जाणे, पण मध्ये ती दोनदा थांबली आणि माझ्या मनगटावर तिची नखे उमटली. दारात मोठ्या सिस्टर आडव्या.

“नातेवाइकांना आत मनाई आहे.”

“सिस्टर, मी नऊ नंबर.”

“नऊ नंबर आत गेली.”

“ती माझी आत्या आहे. बाळ माझं आहे. डोकं आलंय.”

तोच स्वर. सिस्टरचे तोंड “बाई, तुम्ही बाहेर...” असे म्हणण्यासाठी उघडलेच होते. बहिणीने वाद घातला नाही. तिने सिस्टरचा हात धरला आणि जेथे न्यायला हवा होता तेथे नेला. मी दुसरीकडे पाहिले. त्या दिवशी त्या विभागात अनेक किंकाळ्या उठल्या, पण सर्वांत मोठी किंकाळी मोठ्या सिस्टरची होती, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

पुढचे आत्याच्या तोंडून. आत डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या आणि टेबलावरच्या आत्याला धीर देत होत्या. “घाबरायचं नाही हं. पहिलंच का?” आत्या म्हणाली, “चौथं. ते आता बस चालवतं.” डॉक्टरीणबाई वळल्या. त्याच क्षणी दार उघडले, सिस्टरच्या आधाराने बहीण आत आली आणि टेबल अडलेले पाहून तिने टेबलाचा पाय धरून तेथेच बैठक मारली. आत्या उतरायला गेली तर चादरीत गुंतली. डॉक्टरीणबाईंनी मात्र, त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, जमिनीवर गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली, आणि माझी भाची त्या ओंजळीत आली. आत्याने टेबलावरून हात खाली सोडला होता. तो बहिणीने इतका आवळला की आत्याच्या बांगडीचे दोन तुकडे झाले. बाळ रडले. बहीण नाही.

मायलेकी सुखरूप परत खाटेवर आल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. चेहरा उतरलेला होता.

“अहो, तुम्ही ओरडला का नाहीत?”

“मी सांगितलं होतं.”

“हो, पण नुसतं सांगून...” एवढे बोलून त्या थांबल्या. आपण काय बोलत आहोत ते त्यांच्या ध्यानात आले असावे. शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येते, फक्त वाक्य अर्धे झाल्यावर. “आम्ही कसं ओळखायचं, सांगा बरं?”

“विचारायचं. आणि मग मी सांगितलं की ते खरं धरायचं.”

मोठ्या सिस्टरनी उशी सारखी केली, जी आधीच सारखी होती. फक्त मावशी माघार घ्यायला तयार नव्हती. “माझा कान चुकलेला नाही,” ती स्टुलावरून म्हणाली. “ते ओरडणं खरंच होतं. मी नाटक ओळखते.”

मी मावशीच्या बोलण्याचा पुष्कळ विचार केला आहे. मावशी खरे बोलत होती. ओरडणे अस्सल होते; ते फक्त फार उशिरा आले होते. चार बाळंतपणांचे एकत्र साचलेले ओरडणे जेव्हा आत्याच्या तोंडून बाहेर पडले, तेव्हा तिच्यासाठी प्रथमच कोणीतरी धावत गाडी घेऊन आले. हे सांगितल्यावर आत्या मला म्हणाली, “गप रे, रंग काढ तुझा,” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिने कोणास सल्ला दिला नाही, संध्याकाळपर्यंत.

भेटीच्या वेळी मेहुण्यांना आत सोडले. ते मुलीकडे पाहून हसले, पण चेहऱ्यावर छाया होती. फाटकाजवळच्या खिडकीखालून त्यांनी सर्व शिव्या ऐकल्या होत्या.

“एवढा वाईट आहे का गं मी?” त्यांनी हळूच विचारले. “आणि मी पान कधी खाल्लं?”

“ते तुम्ही नव्हे,” बहीण म्हणाली. “ते आत्याचे.”

मेहुण्यांनी आत्याकडे पाहिले. आत्याने झोपेचे सोंग घेतले. मेहुण्यांनी तिच्या पायांवर पांघरूण नीट केले.

बहिणीने मुलीला छातीशी धरले होते. ती मान वर न करता म्हणाली, “मला भूक लागली आहे.”

“एवढ्यात भूक लागत नाही,” मावशी स्टुलावरून म्हणाली. “पहिलटकरणीला तर रात्रीपर्यंत...”

पण मेहुणे तेव्हा खाटेपाशी नव्हतेच. दाराबाहेर त्यांच्या धावण्याचा आवाज येत होता, आणि मोठ्या सिस्टर त्यांच्यामागे ओरडत होत्या की, पुरुषांनी वॉर्डात पळू नये.

येथवर धीराने वाचलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी; माझा हात मोठ्या अक्षरांना सरावलेला आहे.

आपला नम्र,
पाटीवाला मामा